हातातला ऑर्गनायझर: जुने पाम यंत्र निवडताना आणि रोज वापरताना

दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे या चारही गोष्टी आज प्रत्येक मोबाइलमध्ये असतात. तरीही तेवढ्याच कामांसाठी खिशात मावणारे एक वेगळे यंत्र हवे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. फोनवर उद्याची वेळ लिहून ठेवायला जावे, तर आधी आलेले निरोप वाचले जातात, मग कोणाला तरी उत्तर दिले जाते आणि ज्यासाठी फोन हातात घेतला ते राहूनच जाते. ऑर्गनायझर सुरू केला की समोर फक्त आपण लिहिलेला मजकूर असतो, आणि तो बंद केला की आपल्याला कोणी हाक मारत नाही.

१९९० च्या दशकात आपल्याकडे कॅसिओची ‘डिजिटल डायरी’ अनेकांच्या खिशात असे. छोट्या बटणांवर नाव आणि फोन नंबर टिपायचा, एवढेच तिचे मुख्य काम होते. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत यू. एस. रोबोटिक्सच्या पाम विभागाने ‘पायलट’ हे यंत्र आणले आणि या वस्तूचे स्वरूप बदलले. बटणांच्या जागी स्टायलसने, म्हणजे शाई नसलेल्या पेनासारख्या काडीने, पडद्यावर लिहिण्याची सोय आली आणि एक बटण दाबून यंत्रातील मजकूर संगणकातल्या मजकुराशी जुळवून घेता येऊ लागला. पुढची जवळपास दहा वर्षे पाम ओएस या पामच्या कार्यप्रणालीवर चालणारी यंत्रे निघत राहिली, त्यात खुद्द पामची होती, तशीच हँडस्प्रिंगची व्हायझर आणि सोनीची क्लिए ही मालिकाही होती. आता यांपैकी काहीच नवे मिळत नाही. त्यामुळे आपण जे घेणार ते कोणीतरी आधी वापरलेले असणार, हे गृहीत धरूनच निवड करावी लागते.

अॅपलचे न्यूटन किंवा कळफलक असलेले सायऑन सिरीज फाइव्ह हीसुद्धा आपापल्या जागी उत्तम यंत्रे होती. परंतु न्यूटन शर्टाच्या खिशात मावत नाही, आणि सायऑनच्या पडद्याकडे जाणारी पट्टीसारखी केबल उघडझाप होऊन तुटते, ही त्याची जुनीच तक्रार आहे. नवख्या माणसाने सुरुवात पामपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घेण्याआधीचा आठवडा

पायलटचा आराखडा करताना पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी यंत्राच्या मापाचा एक लाकडी ठोकळा कापून घेतला होता. तो ते खिशात बाळगत आणि एखादी वेळ टिपायची झाली की ठोकळाच बाहेर काढून त्यावर लिहिल्याचा अभिनय करत. आपणही हा प्रयोग करून पाहावा. साधारण बारा सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद असा जाड पुठ्ठा कापावा, त्यावर कोरा कागद चिकटवावा आणि तो आठवडाभर सोबत ठेवावा. जे जे टिपावेसे वाटेल ते कागदावर लिहावे, मग ती डॉक्टरांची वेळ असो, दुकानातून आणायचे सामान असो, सोसायटीच्या सभेची तारीख असो किंवा नळदुरुस्ती करणाऱ्याचा नंबर असो.

आठवड्याच्या शेवटी तो कागद वाचला की दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे हे माप आपल्या कपड्यांच्या खिशात किंवा पर्समध्ये खरोखर वागवता येते की नाही. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, म्हणजे आपले टिपण कोणत्या जातीचे आहे. कागदावर तारखा आणि कामे जास्त असतील तर ऑर्गनायझर आपल्या उपयोगाचा आहे. परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले असतील तर साधी वहीच बरी, कारण लांब मजकुरासाठी ही यंत्रे नाहीत. जुन्या पामच्या मेमो पॅडमध्ये एका टिपणाला सुमारे चार हजार अक्षरांची मर्यादा होती. पुढे ती वाढली, पण स्टायलसने एकेक अक्षर काढत दोन पानांचा मजकूर लिहिणे हे आजही कंटाळवाणेच काम आहे.

वीज गेल्यावर मजकुराचे काय होते?

जुने पाम घेताना लोक रंगीत पडदा पाहतात, वेग पाहतात, वाय-फाय आहे का ते विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: बॅटरी पूर्ण संपली तर यंत्रातला मजकूर टिकतो का?

पायलटपासून २००४ पर्यंतच्या बहुतेक सगळ्या पाम यंत्रांमध्ये आपला मजकूर अशा स्मृतीत राहतो जिला सतत थोडीशी वीज लागते. वीज पूर्ण थांबली की दिनदर्शिका, पत्ते, टिपणे सगळे पुसले जाते आणि यंत्र कारखान्यातून आले तेव्हासारखे कोरे होते. यंत्र नवीन होते तेव्हा याचा फारसा त्रास नव्हता, कारण बॅटरी धडधाकट होती आणि मालक रोज संगणकाशी जुळवणी करत असे. आज त्याच यंत्रातली वीस वर्षांची लिथियम बॅटरी दोन दिवस कपाटात पडली तरी संपू शकते. २००४ च्या अखेरीस आलेल्या टंगस्टन टी-फाइव्हपासून पामने वीज नसतानाही मजकूर राखणारी स्मृती वापरायला सुरुवात केली. २००५ मध्ये आलेले टंगस्टन ई-टू, टी-एक्स, झेड-ट्वेंटीटू आणि लाइफड्राइव्ह याच पिढीतले आहेत. या यंत्रांची बॅटरी संपली तर ती पुन्हा चार्ज करावी, मजकूर जागेवर असतो. फार तर घड्याळ पुन्हा लावावे लागते.

साधे सेल लागणारी यंत्रे हा दुसरा सुरक्षित मार्ग आहे. पाम थ्री-एक्स-ई, एम १०५, एम १२५ आणि हँडस्प्रिंगचे व्हायझर डिलक्स यांत टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तसले दोन बारीक ट्रिपल ए सेल बसतात. यांची स्मृतीही वीज गेल्यावर पुसली जाते, परंतु सेल संपत आल्याची सूचना यंत्र वेळेत देते आणि नवा सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. सेल बदलताना यंत्रातला एक छोटा घटक थोडा वेळ स्मृती जिवंत ठेवतो, पण त्यासाठी एका मिनिटाच्या आत नवे सेल बसवायला हवेत. म्हणून नवे सेल वेष्टनातून काढून, कोणती बाजू कुठे जाणार हे पाहून समोर ठेवावेत आणि मगच जुने काढावेत. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरले तरी चालतात, मात्र त्यांचा विजेचा दाब मुळातच कमी असल्याने यंत्रावरचे बॅटरीचे चिन्ह नेहमी कमीच दिसते, हे लक्षात ठेवावे.

या दोन गटांच्या मधली, म्हणजे आत बसवलेली जुनी बॅटरी आणि पुसली जाणारी स्मृती अशी जोडी असलेली यंत्रे नवख्याने टाळावीत. पाम फाइव्ह, एम ५१५ आणि टंगस्टन टी-थ्री ही दिसायला अतिशय देखणी यंत्रे याच मधल्या गटात येतात. धातूचे पातळ अंग असलेले पाम फाइव्ह हातात घेतले की खाली ठेवावेसे वाटत नाही, हे मी मान्य करतो; पण ते चिकटवून बंद केलेले असते आणि त्यातली बॅटरी बदलणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे.

कोणते मॉडेल घ्यावे

पहिले यंत्र म्हणून मी टंगस्टन ई-टू सुचवतो. त्याचा पडदा ३२० बाय ३२० ठिपक्यांचा, रंगीत आणि स्वच्छ आहे, मेमरी कार्डाची खाच आहे, ब्लूटूथ आहे आणि आकार शर्टाच्या खिशाला साजेसा आहे. टी-एक्सचा पडदा त्याहून उंच, ३२० बाय ४८० ठिपक्यांचा आहे आणि स्मृती १२८ एमबी आहे. त्यात वाय-फायही आहे, पण केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण आजच्या संकेतस्थळांची सुरक्षित जोडणी त्याच्या जुन्या ब्राउझरला पेलत नाही. झेड-ट्वेंटीटू सर्वांत हलके आणि बहुधा सर्वांत स्वस्त मिळते. त्याचा पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचाच आहे आणि कार्डाची खाच नाही, त्यामुळे बॅकअपसाठी संगणकावर अवलंबून राहावे लागते. ज्यांना उन्हात वाचता येणारा कृष्णधवल पडदा आणि आठवडेच्या आठवडे चालणारे सेल हवेत, त्यांनी एम १२५ पाहावे, कारण त्यात सेलही आहेत आणि कार्डाची खाचही आहे.

एका वेगळ्या यंत्राचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ नावाचे हातात धरायचे यंत्र घडवले होते, आणि त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती २००४ मध्ये बाजारात आली. भारतीय भाषांचा विचार मुळापासून करून बनवलेले ते यंत्र होते. आज ते रोजच्या वापरासाठी मिळवणे अवघड आहे, पण चालू स्थितीत कुठे दिसले तर जरूर हाताळून पाहावे.

पैसे देण्याआधी तपासणी

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास किंवा वापरलेल्या वस्तूंच्या संकेतस्थळावर ही यंत्रे अधूनमधून येतात. अनेकदा तर अमेरिकेतून कोणा नातेवाइकाने त्या काळी आणलेले यंत्र घरच्याच कपाटात निघते. कुठूनही मिळो, ते सुरू करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. विक्रेता लांब असेल तर पुढील तपासण्यांचा व्हिडिओ मागावा.

सर्वांत आधी पडदा तपासावा. त्यावर खालच्या बाजूला, जिथे अक्षरे काढायची तिथे, बारीक ओरखड्यांचे जाळे जवळजवळ नेहमीच असते आणि त्याने काही बिघडत नाही. खरा दोष वेगळा असतो: स्टायलस टेकवावा एका जागी आणि यंत्राने समजावे दुसऱ्याच जागी. सेटिंगमध्ये पडदा जुळवण्याची सोय असते, त्यात फुलीच्या खुणांवर स्टायलस टेकवायचा असतो. ती जुळवणी करून नोट पॅडमध्ये, म्हणजे हाताने चित्र काढण्याच्या सोयीत, कडेपासून कडेपर्यंत सावकाश आडव्या आणि उभ्या रेघा ओढाव्यात. रेघ मध्येच उडी मारत असेल, तुटत असेल किंवा थोड्या वेळाने पुन्हा बाजूला सरकत असेल, तर ते यंत्र सोडून द्यावे.

सेलवर चालणाऱ्या यंत्राचे झाकण उघडून आत पांढरट किंवा हिरवट थर दिसतो का, हे पाहावे. तो सेल गळल्याचा पुरावा असतो. चार्ज होणाऱ्या यंत्राची पाठ किंवा पडदा फुगलेला वाटला, पडद्यावर दाबल्यासारखा पांढुरका डाग दिसला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते आणि असे यंत्र चार्जला लावूच नये. चार्जर आणि संगणकाची केबल सोबत हवीच. पामने दर काही वर्षांनी जोडणीचा प्रकार बदलला, त्यामुळे टंगस्टन टीची केबल ई-टूला चालत नाही, आणि ई-टू किंवा टी-एक्सची केबल वेगळी शोधत बसावे लागते. चालू-बंदचे बटण पाचसहा वेळा दाबून पाहावे, कारण झिजलेले बटण ही या वयाच्या यंत्रांची नेहमीची खोड आहे.

पहिला दिवस

वापरलेल्या यंत्रात आधीच्या मालकाचा मजकूर असतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने दिलेले नावही असते. संगणक या नावावरून यंत्र ओळखतो, म्हणून सगळे पुसूनच सुरुवात करावी. चालू-बंदचे बटण दाबून ठेवावे, पाठीमागच्या बारीक भोकात टोकदार नसलेली तार घालून आतले बटण एकदा दाबून सोडावे, पामचे चिन्ह दिसले की चालू-बंदचे बटण सोडावे आणि सगळे पुसायचे का, असे यंत्राने विचारले की वर सरकण्याचे बटण दाबावे. नुसते भोकातले बटण दाबले तर यंत्र फक्त पुन्हा सुरू होते, मजकूर जात नाही. हा फरक पक्का ध्यानात ठेवावा, कारण यंत्र अडकल्यावर पुढेही त्याची गरज पडणार आहे.

यानंतर तारीख, वेळ, तारखेची मांडणी आणि आठवड्याचा पहिला वार ठरवावा. आपण दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. यंत्र मात्र अमेरिकी पद्धतीने महिना आधी धरून बसलेले असते. ५ मार्चची वेळ ३ मेला दिसू नये म्हणून हे पहिल्याच दिवशी बदलावे.

अक्षरे काढण्याची सवय

पामवर लिहिण्याच्या पद्धतीला ग्रॅफिटी म्हणतात. पडद्याखालच्या चौकटीत डाव्या भागात रोमन अक्षरे आणि उजव्या भागात आकडे काढायचे असतात. एकावर एक, त्याच जागी अक्षर काढत जायचे आणि ते वर मजकुरात उमटत जाते. मूळ ग्रॅफिटीत प्रत्येक अक्षर हात न उचलता काढले जाते: ए हा आडव्या रेघेविना, उलटा व्ही काढावा तसा; टी म्हणजे डावीकडून उजवीकडे रेघ आणि तिथूनच खाली; एफ म्हणजे वरची रेघ उजवीकडून डावीकडे आणि तिथून खाली. या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल झेरॉक्सने पेटंटवरून दावा लावला होता, आणि २००३ पासूनच्या यंत्रांत पामने ग्रॅफिटी टू आणली. तिच्यातली अक्षरे नेहमीच्या हस्ताक्षराच्या अधिक जवळ आहेत, पण आय, टी, के आणि एक्स काढताना हात एकदा उचलावा लागतो. ई-टू, टी-एक्स आणि झेड-ट्वेंटीटूवर हीच पद्धत आहे.

दोन्ही पद्धतींत डावीकडून उजवीकडे आडवी रेघ ओढली की मोकळी जागा सुटते आणि उजवीकडून डावीकडे ओढली की मागचे अक्षर पुसले जाते. पहिले चारपाच दिवस या दोन रेघा आणि स्वतःचे नाव एवढ्यावरच हात बसवावा. अक्षर मोठे काढावे, चौकट भरून. लहान काढले की यंत्राची ओळख चुकते. पळत्या लिपीतल्या एलसारखा वेटोळा काढून लगेच डी आणि एस लिहिले की आजची तारीख आपोआप उमटते, आणि टी आणि एस लिहिले की वेळ उमटते. वीजमीटरची आकडेवारी, औषधाची घेतलेली मात्रा, गाडीत भरलेले पेट्रोल अशा नोंदींत ही युक्ती फार उपयोगी पडते. ज्यांना अक्षरे जमतच नाहीत त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यातल्या खुणेवर टेकवून पडद्यावरचा कळफलक उघडावा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

मराठीचे काय?

पाम ओएसमध्ये देवनागरी नाही, ही मराठी माणसाच्या दृष्टीने या यंत्राची सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. रोमन अक्षरांत मराठी लिहून काम चालते, मात्र त्याला शिस्त लागते. यंत्राची शोधण्याची सोय शब्दाच्या सुरुवातीवरून जुळणी करते. वीजबिल एकदा एका रोमन स्पेलिंगने आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या स्पेलिंगने लिहिले, म्हणजे एकदा ‘वीज’ साठी एक आय आणि एकदा दोन ई वापरले, तर शोधताना निम्म्याच नोंदी सापडतील. नेहमी लागणाऱ्या वीसपंचवीस शब्दांचे स्पेलिंग ठरवून घ्यावे आणि त्यांचे एक टिपण यंत्रातच ठेवावे.

एम १०० पासून पुढच्या बहुतेक पाम यंत्रांत नोट पॅड नावाची वेगळी सोय आहे. तिच्यात स्टायलसने जे काढाल ते चित्र म्हणून तसेच राहते, म्हणजे इथे देवनागरीत हाताने लिहिता येते. हा मजकूर शोधता येत नाही, पण टिपणाला रोमन शीर्षक देता येते आणि गजरही लावता येतो. आईला द्यायचा निरोप, दुकानाच्या पाटीवरचे नाव, एखाद्या घरी जायच्या रस्त्याचा नकाशा अशा गोष्टी मी इथेच ठेवतो. मराठी वापरणाऱ्याला नोट पॅड नसलेले यंत्र घ्यायला मी सांगणार नाही, मग त्याचे बाकीचे गुण कितीही असोत; व्हायझर आणि थ्री-एक्स-ई सेलवर चालत असले तरी या एका कारणाने माझ्या यादीत मागे पडतात.

संगणकाशी जुळवणी आणि बॅकअप

पामचा खरा आधार म्हणजे हॉटसिंक. यंत्रातली आणि संगणकातली नोंद यांची तुलना होते आणि दोन्हीकडे नवी माहिती पोहोचते. अडचण अशी की ‘पाम डेस्कटॉप’ हा संगणकावरचा कार्यक्रम विंडोज एक्सपीच्या काळातला आहे आणि ६४ बिट विंडोजसाठी पामने यूएसबीचा ड्रायव्हर कधी दिलाच नाही. यावर वाटा तीन आहेत. घरात एक्सपी चालणारा जुना लॅपटॉप असेल तर तो खास या कामासाठी ठेवणे सर्वांत निर्धोक. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पायलट-लिंक आणि जे-पायलट हे कार्यक्रम आहेत. ई-टू आणि टी-एक्समध्ये ब्लूटूथवरूनही जुळवणी होते, त्यामुळे यूएसबीचा प्रश्नच टळतो, मात्र ती पहिल्यांदा लावायला थोडी चिकाटी लागते.

पहिल्या जुळवणीच्या वेळी संगणक यंत्राचे नाव विचारतो. तिथे स्वतःचे नाव द्यावे आणि घरात दोन यंत्रे असतील तर दोघांना एकच नाव कधीही देऊ नये. दिले तर एकाचे पत्ते दुसऱ्यात मिसळतात आणि ते निवडून वेगळे करणे हाताने करावे लागते.

संगणक नसेल किंवा ही खटपट नको असेल, तर कार्डाची खाच असलेले यंत्र घेऊन कार्डावरच बॅकअप ठेवावा. साधे एसडी कार्ड २ जीबी किंवा त्याहून कमी क्षमतेचे हवे. आज दुकानात सहज मिळणारी ३२ किंवा ६४ जीबीची कार्डे ही यंत्रे स्वतःहून ओळखत नाहीत. एनव्ही-बॅकअपसारखा मोफत कार्यक्रम ठरलेल्या वेळी, बहुधा रात्री, सगळ्या नोंदींची प्रत कार्डावर उतरवतो. कार्यक्रम यंत्रात घालण्यासाठी त्याची पीआरसी फाइल कार्ड रीडरने कार्डावरील ‘पाम’ फोल्डरमधल्या ‘लाँचर’ या फोल्डरमध्ये ठेवावी, कार्ड यंत्रात घातले की ती दिसू लागते. महिन्यातून एकदा ते कार्ड संगणकात घालून सगळे फोल्डर वेगळ्या जागी उतरवून ठेवावेत, कारण यंत्र हरवले तर कार्डही त्याच्यासोबतच जाते.

रोजचा वापर

यंत्र घेतल्यावर पहिल्या उत्साहात तीनशे पत्ते भरत बसू नये. पहिला महिनाभर फक्त दिनदर्शिका आणि कामांची यादी वापरावी, आणि ज्याला फोन करायची वेळ येईल त्याचाच नंबर त्या त्या वेळी टिपावा. मुख्य नियम एकच आहे, तो म्हणजे वेळ ठरली की ती त्याच क्षणी, त्याच यंत्रात लिहायची. अर्ध्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि अर्ध्या यंत्रात राहिल्या तर दोन्ही ठिकाणांवरचा विश्वास उडतो.

ज्याला ठरलेली वेळ आहे ते दिनदर्शिकेत जाते, ज्याला नुसती मुदत आहे ते कामांच्या यादीत. जुन्या यंत्रांच्या कामांच्या यादीत गजर नसतो, म्हणून विम्याच्या हप्त्यासारखी चुकवून न चालणारी मुदत तिथे असली तरी दिनदर्शिकेतही गजरासह लिहावी. वारंवार येणाऱ्या नोंदींची सोय फार चांगली आहे. महिन्याची तारीख किंवा महिन्यातला कितवा वार यांपैकी हवे ते निवडता येते. बँका बंद असतात तो दुसरा आणि चौथा शनिवार एकदा लिहिला की पुढे पाहावे लागत नाही. वाढदिवस इंग्रजी तारखेने असल्यास दरवर्षी आपोआप येतो.

तिथीने येणाऱ्या गोष्टींसाठी मात्र ही सोय वापरता येत नाही. गणेश चतुर्थी, संकष्टी, घरातले श्राद्ध, कुलदेवतेचा उत्सव यांची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, आणि एकदा ‘दरवर्षी’ म्हणून लिहून टाकले की पुढच्या वर्षी यंत्र खात्रीने चुकीचा दिवस सांगते. यासाठी नवे कॅलेंडर घरात आले की एक निवांत संध्याकाळ काढून, त्यातून आपल्या घरापुरत्या तिथी बघून वर्षभराच्या नोंदी हाताने कराव्यात. वेळ न घालता नोंद केली की ती त्या दिवसाच्या अगदी वर दिसते, आणि श्राद्धासारख्या तयारी लागणाऱ्या दिवसाला काही दिवस आधीचा गजर लावता येतो.

पत्त्यांच्या बाबतीत एक छोटी युक्ती सांगण्यासारखी आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाला यांची नावे आपल्या लक्षात राहत नाहीत, काम लक्षात राहते. म्हणून कंपनीच्या रकान्यात त्यांचे काम लिहावे आणि यादी कंपनीच्या नावाने लावावी. पत्त्यांच्या यादीत असताना नुसते पहिले अक्षर काढले की यंत्र थेट त्या अक्षरापाशी नेते. वर्ग पंधरापर्यंत करता येतात, पण घर, काम आणि गाव एवढे तीन बहुतेकांना पुरतात.

बँकेचा पिन, पासवर्ड किंवा कार्डाचे आकडे यात ठेवू नयेत. नोंदी खासगी करून लपवता येतात, पण हे लपवणे शेजारच्याच्या नजरेपुरतेच आहे. संगणकावर गेलेली प्रत कुणालाही उघडून वाचता येते.

जपणूक

यंत्राला पाऊस मुळीच सोसत नाही. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते शर्टाच्या खिशात उघडे नेऊ नये. बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यात येते तशी सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावे. पडद्यावर अक्षरे काढायच्या भागापुरती तरी पारदर्शक फिल्म लावावी. स्टायलस हरवला म्हणून रिकाम्या रिफिलने किंवा नखाने लिहू नये, कारण या पडद्याचा वरचा थर मऊ असतो आणि पडलेला चरा जात नाही. सेलचे यंत्र काही महिने वापरायचे नसेल तर आधी बॅकअप घेऊन सेल काढून ठेवावेत. चार्ज होणारे यंत्र बंद कपाटात टाकण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा चार्ज केलेले चांगले.

२०३१ नंतर

पाम ओएसमध्ये वर्ष साठवायला सात बिट, म्हणजे १२८ वर्षांपुरतीच जागा, दिलेली आहे आणि मोजणी १९०४ पासून सुरू होते. त्यामुळे या यंत्राची दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. ‘कायम’ म्हणून लिहिलेली वारंवार येणारी नोंदही तिथवरच जाते. कर्जाचा शेवटचा हप्ता, मुदत ठेवीची तारीख किंवा पारपत्राची मुदत त्यापुढची असेल, तर ती टिपणात नुसती अक्षरांत लिहावी किंवा कागदावर ठेवावी.

म्हणून यंत्रातून मजकूर बाहेर काढण्याची वाट सुरुवातीलाच करून पाहावी. पाम डेस्कटॉपमधून पत्ते व्हीकार्ड म्हणून बाहेर काढता येतात आणि ती फाइल आजचा कोणताही फोन वाचतो. टिपणे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये निघतात. जे-पायलटमध्येही अशीच सोय आहे. पहिल्या महिन्याच्या अखेरीस दहा पत्ते आणि दोन टिपणे बाहेर काढून फोनवर उघडून बघावीत. ती नीट उघडली की मग उरलेले पत्ते निर्धास्तपणे भरायला घ्यावेत. नोट पॅडमधली चित्रे मात्र अशा साध्या फाइलमध्ये जात नाहीत. त्यांतली जपायची असतील ती वेळोवेळी पाहून कागदावर उतरवून घ्यावी लागतात.